एका ओळीत मावेल तेवढंच

ईमॅक्स किंवा व्हिमसारखा जुना-जाणता टेक्स्ट एडिटर उघडला की पडद्याच्या अगदी तळाशी एक ओळ मोकळी सोडलेली दिसते. वर मजकूर, त्याखाली फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक दाखवणारी पट्टी आणि तिच्याही खाली ही ओळ. एरवी ती कोरी असते. फाइल सेव्ह केली की तसा निरोप तिथे उमटतो. काही शोधायचं म्हटलं की प्रश्न तिथे येतो आणि उत्तरही तिथेच टाइप करायचं असतं. कमांड चुकली तर तक्रारही तिथेच. प्रोग्रामला वापरणाऱ्याशी जे काही बोलायचं असेल ते बहुतेक सगळं या एका ओळीतून.

ओळीची रुंदी ठरलेली असते, बोलण्याची लांबी ठरलेली नसते. फाइलचा पूर्ण पाथच साठ अक्षरांचा असू शकतो. त्याला 'सेव्ह करू का?' आणि उत्तराचे सात-आठ पर्याय जोडले की ऐंशी रकाने कधीच संपतात. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढे मोजकेच रस्ते उरतात. मजकूर तोडायचा, ओळ उंच करायची, हातातलं काम थांबवून सगळं दाखवायचं, नाहीतर मजकूर दुसऱ्या खिडकीत न्यायचा. हे चारही रस्ते आज वापरात आहेत. कुठला कधी घ्यायचा हे ठरवताना आधी एक गोष्ट पाहावी लागते : तळाशी आलेला मजकूर नुसता निरोप आहे, की वापरणाऱ्याला त्यावर उत्तर द्यायचं आहे?

प्रश्नचिन्हापुरतं बोलणं

केन थॉम्प्सन यांनी १९६९ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी 'एड' हा एडिटर लिहिला तेव्हा समोर पडदा नव्हता. टेलिटाइप मॉडेल ३३ हे कीबोर्ड जोडलेलं छपाईयंत्र होतं. कागदाच्या रिळावर ते सेकंदाला १० अक्षरं छापत असे आणि एका ओळीत ७२ अक्षरं बसत. तीस अक्षरांचा निरोप म्हणजे तीन सेकंदांचा खडखडाट. तेवढा वेळ हात जोडून बसायचं.

म्हणून एड जवळजवळ मुका आहे. फाइल लिहून झाली की किती बाइट लिहिले तो आकडा छापतो आणि गप्प बसतो. काही चुकलं तर फक्त '?' छापतो. काय चुकलं ते ज्याचं त्याने ओळखायचं. पुढे 'एच' ही कमांड आली. ती दिली की शेवटच्या प्रश्नचिन्हामागचं कारण छापून मिळतं. बदल सेव्ह न करता बाहेर पडण्यासाठी 'क्यू' दिला तरी तेच '?' येतं. त्यानंतरही पुन्हा 'क्यू' दिला की एड निमूटपणे बंद होतो. इशारा आणि 'नक्की ना?' हा प्रश्न, दोन्ही एकाच चिन्हात. नवख्याची त्यात पंचाईत व्हायची, पण छोटी खूण समोर ठेवायची आणि सविस्तर स्पष्टीकरण मागितल्यावर द्यायचं, ही पद्धत तिथे पडली. आजचे एडिटरही तीच पाळतात.

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातले जॉर्ज कुलूरिस यांनी १९७६ मध्ये एडची सुधारित आवृत्ती केली आणि तिला मर्त्य माणसांचा एडिटर अशा अर्थाचं 'ईएम' हे नाव दिलं. ती पाहून बर्कलीतले बिल जॉय कामाला लागले. त्यातून 'ईएक्स' आणि मग 'व्हीआय' तयार झाला. जॉय यांच्यासमोर लिअर सीगलर कंपनीचा एडीएम-३ए हा टर्मिनल होता. पडदा आला, पण वेग फारसा वाढला नव्हता. टर्मिनल आणि संगणक यांच्यामध्ये ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० रकाने आणि २४ ओळींचा पडदा पूर्ण भरायला १९२० अक्षरं लागतात. ती यायला एक मिनिट चार सेकंद. एकच ओळ बदलायची असेल तर पावणेतीन सेकंदांत काम होतं.

हा हिशोब पाहिला की तळाची ओळ एकच का, हे लगेच कळतं. पडद्याच्या मधोमध चौकट काढून प्रश्न विचारायचा तर चौकट पुसल्यावर खालचा मजकूर पुन्हा मागवून घ्यावा लागला असता. तळाची ओळ पुसून नवी लिहिली की वरच्या तेवीस ओळींना धक्का लागत नाही. व्हीआयमध्ये कोलन दाबला की कर्सर याच ओळीत उतरतो आणि तिथे दिलेल्या कमांड 'ईएक्स'च्या असतात. थोडक्यात, एका वेळी एका ओळीत बोलणारा जुना एडिटर पडद्याच्या तळाशी तसाच राहिला आहे.

एकाच ओळीचे दोन भाडेकरू

ईमॅक्सचा जन्मही १९७६ चा, एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमधला. आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये लिहायला घेतला. त्याच्या तळाच्या ओळीत दोन गोष्टी राहतात. एक 'एको एरिया'. इथे निरोप दिसतात आणि दोन-तीन कळींची कमांड देताना सेकंदभर अडखळलात तर तोवर दाबलेल्या कळीही दिसतात. दुसरा 'मिनीबफर'. इथे प्रश्न येतो आणि उत्तर टाइप करायचं असतं. मिनीबफर हा नावाप्रमाणे खराखुरा बफर, म्हणजे एडिटरमधली मजकूर धरून ठेवणारी जागा, आहे. मुख्य मजकुरात चालणाऱ्या कॉपी, पेस्ट, अनडू, शब्दाशब्दाने मागे जाणं या सगळ्या करामती तिथेही चालतात.

दोघांची जागा एकच, म्हणून भांडण ठरलेलं. तुम्ही प्रश्नाचं उत्तर टाइप करत आहात आणि मागे चाललेल्या एखाद्या कामाने 'झालं' असा निरोप पाठवला, तर पूर्वी तो निरोप प्रश्नावरच येऊन बसायचा. क्षण-दोन क्षण आपण काय लिहीत होतो तेच दिसेनासं व्हायचं. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ईमॅक्स २७ पासून असा निरोप चालू उत्तराच्या शेवटी, चौकटी कंसात दिसतो आणि आपोआप निघून जातो. प्रश्न जागचा हलत नाही.

लांबीचा प्रश्न त्याआधीच, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ईमॅक्स २१ ने सोडवायला घेतला. तोपर्यंत लांब मजकुरानुसार मिनीबफर उंच व्हावा असं वाटलं तर वेगळं पॅकेज चालू करावं लागे. आवृत्ती २१ पासून ही खिडकी गरजेप्रमाणे स्वतःच वाढू लागली. किती वाढायचं यालाही मर्यादा घातली : पूर्ण चौकटीच्या उंचीच्या पाव भागापर्यंत. ही मर्यादा 'मॅक्स-मिनी-विंडो-हाइट' या व्हेरिएबलमध्ये ०.२५ अशी लिहिलेली असते. अपूर्णांकाऐवजी पूर्णांक दिला तर तो तितक्या ओळी असा धरला जातो.

वाढलेली खिडकी परत लहान कधी व्हावी, हा त्याहून नाजूक मुद्दा. 'रिसाइज-मिनी-विंडोज' या व्हेरिएबलला तीन किमती देता येतात. 'निल' दिलं तर खिडकी कधीच वाढत नाही. 'टी' दिलं तर मजकुराप्रमाणे ती वाढते आणि कमीही होते. तिसरी किंमत 'ग्रो-ओन्ली', आणि मुळात तीच ठेवलेली असते. तिच्यात खिडकी वाढते, पण आतला मजकूर रिकामा होईपर्यंत आकसत नाही. कारण साधं आहे. उत्तर टाइप करताना एक अक्षर वाढलं की खिडकी दोन ओळींची, एक खोडलं की पुन्हा एका ओळीची, असं होऊ लागलं तर दर खेपेला वरचा सगळा मजकूर खाली-वर उडत राहील. लिहिणाऱ्याची नजर जिथे टेकलेली असते तिथूनच ओळ निसटते. ओळ उंच करणं हा उपाय सोपा वाटतो, पण त्याची किंमत वरच्या मजकुराला मोजावी लागते.

पाव पडद्यातही मावणार नाही असा मजकूर असेल तर ईमॅक्स तो दुसरीकडे नेतो. शेल कमांड चालवून बघा. उत्तर चार शब्दांचं असेल तर तळाशी दिसतं, दोनशे ओळींचं असेल तर त्यासाठी वेगळी खिडकी उघडते. कमांड तीच, दाखवायची जागा मजकुराच्या लांबीवरून ठरते.

याचा नमुना घरबसल्या पाहता येतो. ईमॅक्समध्ये 'विद्यार्थी' हा शब्द लिहा, कर्सर 'व'वर न्या आणि कंट्रोल-एक्स दाबून बरोबरचं चिन्ह दाबा. तळाच्या ओळीत त्या अक्षराची कुंडली येते : दशमान क्रमांक २३५७, अष्टमान ४४६५, षोडशमान ९३५, फाइलमधली जागा, टक्केवारी आणि रकाना. एवढं सगळं एका ओळीत बसवलेलं. आता हीच कमांड आधी कंट्रोल-यू दाबून द्या. त्या अक्षराचं युनिकोडमधलं नाव, त्याचा वर्ग, कुठल्या फाँटमधून ते आलं, शेजारच्या चिन्हाशी ते कसं जोडलं गेलं, अशी पानभर माहिती वेगळ्या मदत-खिडकीत उघडते. एका ओळीचं उत्तर आणि पानभराचं उत्तर, दोन्ही तयार आहेत. कुठलं हवं ते विचारणारा ठरवतो.

थांबा, एंटर दाबा

व्हीआयचाच वारसा चालवणाऱ्या व्हिमने दुसरा रस्ता धरला. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिम प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. व्हिममध्ये तळाच्या ओळीची उंची आपण ठरवू ती, आणि मुळात ती एक. निरोप त्यात मावला नाही की पडदा वर सरकतो, पूर्ण मजकूर दिसतो आणि शेवटी येतं ते प्रसिद्ध वाक्य : 'प्रेस एंटर ऑर टाइप कमांड टू कंटिन्यू'. पडदाभर मजकूर असेल तर 'मोअर' म्हणून मध्येच थांबतो.

हा प्रामाणिक उपाय आहे. काहीही लपवलं जात नाही आणि थांबल्याशिवाय पुढे जाताही येत नाही. पण 'फाइल सेव्ह झाली' एवढं सांगण्यासाठी दर वेळी एंटर मागितला तर माणूस वैतागतो आणि न वाचता एंटर दाबायची सवय लावून घेतो. एकदा ती सवय लागली की खरोखर महत्त्वाचा निरोपही त्याच एंटरखाली जातो. त्यातून ओळीचा उजवा कोपराही मोकळा नसतो. अर्धवट दिलेली कमांड आणि काही वेळा ओळ-रकान्याचे आकडे तिथे दाखवायचे असतात. त्यामुळे ८० रकान्यांच्या पडद्यावर निरोपासाठी पूर्ण ८० रकाने मिळतच नाहीत.

म्हणून व्हिमने निरोप आखूड करण्याची सोय दिली. 'शॉर्टमेस' नावाच्या सेटिंगमध्ये एकेका अक्षराला एकेक काटछाट नेमून दिलेली आहे. 'एल' ठेवलं तर ओळी आणि बाइट हे शब्द जाऊन आकड्यांपुढे नुसती 'एल' आणि 'बी' ही आद्याक्षरं उरतात. 'एम' ठेवलं तर 'मॉडिफाइड' या शब्दाऐवजी चौकटी कंसात एक अधिकचिन्ह येतं. 'आर' ठेवलं तर 'रीडओन्ली'चं 'आरओ' होतं. आपल्याकडे तारखात्याने शुभेच्छांच्या ठरीव वाक्यांना क्रमांक दिले होते, पाठवणाऱ्याने वाक्याऐवजी क्रमांक सांगितला तरी चालत असे, तसाच हा प्रकार. दोन्हीकडची संकेतावली ठरलेली असली की थोडक्यात भागतं.

तळाची ओळ दोन किंवा तीन ओळींची करून ठेवणं हाही व्हिममध्ये पर्याय आहे. मग एंटरची कटकट कमी होते, पण तेवढ्या ओळी कायमच्या अडकून पडतात. उलट टोकाला, व्हिमपासूनच निघालेल्या निओव्हिमने २०२२ मध्ये आवृत्ती ०.८ मध्ये ही उंची शून्य करण्याची प्रायोगिक सोय दिली. ओळ फक्त गरज पडेल तेव्हा दिसेल. गंमत अशी की जागा शून्य केल्यावर निरोप मावायलाच जागा उरत नाही आणि एंटर मागणारा प्रॉम्प्ट जास्त वेळा येऊ लागतो. पडद्यावरची एक ओळ वाचवली तर ती कळीच्या दाबांत भरावी लागते.

कुठून तोडायचं

मजकूर तोडायचाच असेल तर तीन जागा आहेत : सुरुवात, मध्य आणि शेवट. सर्वांत सोपं शेवटून तोडणं, आणि पुष्कळदा तेच सर्वांत वाईट. फाइलच्या पाथमध्ये सुरुवातीचे फोल्डर बहुतेक सगळ्या फाइलींना सारखे असतात. वेगळेपण शेवटच्या नावात असतं. शेवट तोडला तर दहा फाइलींचे दहा निरोप एकसारखे दिसतील.

व्हिममध्ये याचा विचार केलेला दिसतो. फाइलविषयीचा निरोप लांब झाला तर तो सुरुवातीकडून तोडला जातो आणि डाव्या कडेला 'लहान आहे' या अर्थाचं कोनाकृती चिन्ह ठेवलं जातं. इतर निरोप मात्र मधून तोडून तिथे तीन टिंबं ठेवली जातात. सुरुवातीला कशाविषयी बोलणं आहे ते कळतं, शेवटी काय झालं ते कळतं. मधलं एक वेळ गेलं तरी चालतं.

ईमॅक्समधल्या 'एलडॉक'ची काटछाट त्याहून हुशारीची आहे. कोड लिहिताना फंक्शनचं नाव टाइप केलं की ते कुठली मूल्यं घेतं याची यादी एलडॉक तळाशी दाखवतो. नाव आणि यादी मिळून एका ओळीत बसत नसेल, पण नाव वगळल्यावर बसत असेल, तर तो नावच गाळतो. नाव वाचणाऱ्याने नुकतंच स्वतः टाइप केलेलं असतं, ते कर्सरजवळ समोरच दिसत असतं. वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेला भाग पहिल्यांदा काढायचा, ही तोडण्याची सर्वांत चांगली रीत.

तोडलेला भाग कायमचा नाहीसा होता कामा नये, हेही तितकंच महत्त्वाचं. ईमॅक्स तळाशी दाखवलेले निरोप 'मेसेजेस' नावाच्या बफरमध्ये जमा करतो. तिथे १००० ओळी राहतात. कंट्रोल-एच आणि मग 'ई' दाबलं की तो समोर येतो. तोच निरोप लागोपाठ आला तर पुन्हा पुन्हा न लिहिता पुढे 'इतक्या वेळा' असा आकडा जोडला जातो. व्हिममध्ये कोलन देऊन 'मेसेजेस' लिहिलं की मागचे निरोप दिसतात, आणि 'जी'पाठोपाठ कोनाकृती चिन्ह दाबलं की आधीच्या कमांडचं शेवटचं पान परत येतं. निरोप तोडण्याची मुभा या साठ्यामुळेच मिळते.

प्रश्नाची गोष्ट वेगळी

प्रश्नाला ही मुभा नाही. निरोप तुटला तर नंतर शोधता येतो. प्रश्न तुटला तर तो पुरता कळायच्या आत उत्तर देऊन झालेलं असतं, आणि कधी कधी ते परत घेता येत नाही.

एकच प्रसंग दोन्ही एडिटर कसा हाताळतात ते पाहू. तुम्ही जी फाइल उघडता आहात ती आधीच कुणीतरी उघडलेली आहे. व्हिम क्रमांक ई-३२५ चा 'अटेन्शन' असा इशारा देतो. त्यात स्वॅप फाइलचं, म्हणजे चालू बदल जपणाऱ्या तात्पुरत्या फाइलचं नाव, ती कुणाची, कधीची, मूळ फाइल कुठली, कुठल्या यंत्रावर, कुठल्या प्रोसेसने उघडली, बदल झाले आहेत का, हे सगळं येतं. दुसरा प्रोग्राम हीच फाइल वापरत असेल किंवा मागच्या वेळी एडिटर मध्येच बंद पडला असेल, अशा दोन्ही शक्यता समजावून सांगितल्या जातात आणि प्रत्येकीत काय करावं तेही. मग शेवटी पर्याय : फक्त वाचण्यासाठी उघडा, तरीही बदला, परत मिळवा, सोडून द्या. हा सगळा ऐवज २४ ओळींचा पडदा जवळजवळ भरून टाकतो.

ईमॅक्स तेच, तुम्ही फाइल बदलायला घेतल्यावर, एका ओळीत विचारतो. फाइलचं नाव, 'लॉक्ड बाय', वापरणाऱ्याचं आणि यंत्राचं नाव, प्रोसेसचा क्रमांक आणि कंसात चार खुणा : एस, क्यू, पी आणि प्रश्नचिन्ह. 'एस' म्हणजे लॉक हिसकावून घ्या, 'क्यू' म्हणजे माघार घ्या, 'पी' म्हणजे तसंच पुढे जा. हे पाठ नसेल तर प्रश्नचिन्ह दाबायचं, मग सविस्तर माहितीची खिडकी उघडते. एडच्या प्रश्नचिन्हाने इथे जागा बदलली आहे. तिथे ते प्रोग्राम वापरणाऱ्याला द्यायचा, इथे वापरणारा प्रोग्रामला देतो. रोज हा प्रसंग येणाऱ्याला ईमॅक्सची ओळ सोयीची. वर्षाकाठी एकदा येणाऱ्याला व्हिमचं पानभर निवेदन बरं.

बाहेर पडताना ईमॅक्स विचारतो तो 'सेव्ह फाइल' हा प्रश्नही तपासून पाहण्यासारखा आहे. हल्लीच्या आवृत्त्यांमध्ये पाथनंतर कंसात पर्याय येतात : वाय, एन, उद्गारचिन्ह, टिंब, क्यू, कंट्रोल-आर, कंट्रोल-एफ, डी आणि मदतीसाठी कंट्रोल-एच. स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून हा कंसच ३५ रकान्यांचा होतो. सुरुवातीचे शब्द धरले तर ८० पैकी पाथसाठी जेमतेम तीसेक रकाने उरतात. त्याहून लांब पाथ असला की प्रश्न दोन ओळींवर जातो. इथे ईमॅक्स तोडत नाही, ओळ उंच करतो. कुठली फाइल आणि काय दाबायचं, यांतलं काहीही गाळता येत नाही म्हणून.

गाळण्याऐवजी विभागणी करता येते. ईमॅक्सच्या 'डायर्ड' या फाइल-यादीत बारा फाइली पुसायला सांगितल्या तर बारा नावं तळाच्या ओळीत कोंबली जात नाहीत. ओळीत फक्त आकडा येतो, बारा फाइली पुसू का, आणि नावांची यादी 'डिलीशन्स' नावाच्या वेगळ्या खिडकीत समोर उघडते. उत्तरही एका अक्षराचं चालत नाही, 'येस' पूर्ण लिहून एंटर दाबावं लागतं. साध्या प्रश्नांना एक कळ आणि धोक्याच्या प्रश्नांना पूर्ण शब्द, असा हा भेद मुद्दाम ठेवलेला आहे. ज्यांना तो जाचक वाटतो त्यांच्यासाठी २०२२ च्या ईमॅक्स २८ ने सगळीकडे एका कळीचं उत्तर चालवून घेणारी सेटिंग दिली. ती चालू करण्याआधी मात्र आपल्या बोटांच्या सवयी आठवून पाहाव्यात.

कधी कधी उत्तरातच अनेक ओळी असतात. दोन ओळींचा मजकूर शोधून बदलायचा असेल तर एका ओळीच्या प्रश्नात ती ओळमोड दाखवायची कशी? ईमॅक्स तिथे टोपी घातलेला 'जे' दाखवतो, म्हणजे कंट्रोल-जे. ओळमोड तर दिसते, पण ओळ मोडत नाही. दिसायला ओबडधोबड, तरी काय शोधलं जाणार आहे याविषयी शंका राहत नाही.

देवनागरी आली की

आतापर्यंतचा सगळा हिशोब रकान्यांचा होता, आणि तो मुळात एक अक्षर म्हणजे एक रकाना असं धरून केलेला होता. मराठी फाइलनावं वापरणाऱ्यांना ठाऊक आहे की हे गृहीतक देवनागरीत टिकत नाही. 'विद्यार्थी' हा शब्द आपण वि, द्या, र्थी असा तीन अक्षरांचा मोजतो. युनिकोडमध्ये तो दहा चिन्हांचा आहे : व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण तीस. पडद्यावर तो किती रकाने व्यापतो हे टर्मिनलवर आणि फाँटवर अवलंबून. एकाच शब्दाच्या लांबीची चार उत्तरं, आणि प्रॉम्प्ट तोडणारा प्रोग्राम यांतलं कुठलं धरतो त्यावर निकाल ठरतो.

समजा त्याने आठ चिन्हांनंतर तोडलं. पडद्यावर उरतं 'विद्यार्'. 'थी'च्या डोक्यावर बसणारा रफार आधार गेल्यामुळे खाली उतरून पाय मोडका र झाला. चार चिन्हांनंतर तोडलं तर 'विद्'. बाइट मोजून तोडणाऱ्याने दहाव्या बाइटनंतर काप घेतला तर चौथं चिन्हच अर्धवट राहतं आणि त्याच्या जागी चौकोन किंवा काळं प्रश्नचिन्ह दिसतं. इंग्रजी शब्द कुठेही तोडला तरी उरलेली अक्षरं शाबूत राहतात. देवनागरीत काप जोडाक्षराच्या सीमेवरच घ्यावा लागतो. त्यासाठी प्रोग्रामने बाइटही मोजून भागत नाही आणि चिन्हंही. डोळ्याला एक म्हणून दिसणारा अक्षरगट ओळखावा लागतो आणि त्याची पडद्यावरची खरी रुंदी विचारावी लागते. ईमॅक्स २७ पासून अक्षरं जुळवण्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या खिडकीत देवनागरी नीट जुळते. टर्मिनलमध्ये मात्र शेवटचा शब्द टर्मिनलचाच.

ओळ वर गेली, प्रश्न तोच

२०१५ मध्ये आलेल्या व्हीएस कोडसारख्या एडिटरांनी ही ओळ तळातून उचलून वर, मधोमध नेली. कमांड पॅलेट तिथे उघडतो, निरोप उजव्या कोपऱ्यात चौकटींत येतात, तळाची पट्टी फक्त स्थिती दाखवते. मोडेमचा हिशोब आता लागू नाही, तेव्हा जागा बदलायला हरकत नव्हती. एक सुधारणाही झाली. साध्या इनपुट बॉक्समध्ये प्रश्न चौकटीच्या खाली वेगळा लिहिला जातो. ईमॅक्समध्ये प्रश्न आणि उत्तर एकाच ओळीत असल्याने लांब प्रश्न उत्तराची जागा खातो. इथे तसं होत नाही. तरी बॉक्स एका ओळीचाच आहे. लांब उत्तर त्यात आडवं सरकतं आणि त्याची सुरुवात दिसेनाशी होते. कोपऱ्यातल्या चौकटी साचत गेल्या की त्या न वाचता बंद करायची सवय लागते, व्हिमच्या एंटरसारखीच.

तेव्हा जागा कुठलीही असो, लिहिणाऱ्याला शिस्त पाळावीच लागते. ईमॅक्स लिस्पच्या मार्गदर्शिकेत ती नियमांच्या रूपात आहे. हो-नाहीच्या प्रश्नाचा शेवट प्रश्नचिन्हाने करा. न लिहिता एंटर दाबला तर कुठलं उत्तर धरलं जाईल ते कंसात सांगा. फंक्शनच्या वर्णनाची पहिली ओळ एकटी वाचली तरी पूर्ण अर्थाची असू द्या, कारण शोधयादीत तेवढीच दिसते. त्यात आणखी दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते. क्रियापद शक्य तितकं आधी आणा, म्हणजे पुसायचं आहे की बदलायचं आहे हे पहिल्या काही रकान्यांतच कळेल. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून मराठी प्रॉम्प्ट लिहिताना 'पुसू का :' असं आधी लिहून मग फाइलचं नाव द्यावं लागेल. दुसरं, बदलत्या लांबीचा भाग, म्हणजे पाथ किंवा नाव, ओळीत एकदाच येऊ द्या.

आपला प्रॉम्प्ट जमला की नाही हे पाहायला फार काही लागत नाही. खिडकी ओढून चाळीस रकान्यांची करा, लांब नावाची एक मराठी फाइल घ्या आणि तो प्रश्न येऊ द्या. जे दिसतं तेवढ्यावर बिनचूक 'हो' किंवा 'नाही' म्हणता येत असेल तर प्रॉम्प्ट चालेल. येत नसेल तर लांबी कमी करायच्या आधी ठरवा, यातलं काय या ओळीत हवं आणि काय वेगळ्या खिडकीत.